फुललेला बांबू, पेटलेला डोंगर
(मिझो नेते लालडेंगा यांची जीवनकहाणी)

— द्वितीय वर्ष, कला

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन, आटलेल्या विहिरी आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसे उभी राहतात. पाऊस पडला नाही म्हणजे दुष्काळ, एवढे आपले साधे गणित! परंतु आपल्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रह्मदेश आणि बांगलादेश यांच्या बेचक्यात एक डोंगराळ मुलूख असा आहे की, जिथे दुष्काळ फुलांच्या वाटेने येतो. त्या मुलखाचे नाव मिझोराम.

तेथील डोंगर बांबूच्या रानांनी झाकलेले आहेत. त्यातील एका जातीचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुलतो. सगळे रान एकदम फुलते, फळते आणि मरून जाते. ही फळे म्हणजे उंदरांना मेजवानी. ती खाऊन त्यांची पैदास बेसुमार वाढते आणि फळे संपली की त्यांच्या झुंडी शेतातल्या उभ्या भातावर तुटून पडतात. एका रात्रीत शेत साफ! मिझो लोक या संकटाला मौताम, म्हणजे बांबूचा दुष्काळ, असे म्हणतात. १९११-१२ साली तो आला होता. त्यानंतर आला तो १९५९-६० साली. या दुसऱ्या मौतामाने माणसे उपाशी ठेवलीच, पण त्याचबरोबर एका साध्या कारकुनाला बंडखोर बनवले आणि एका शांत डोंगराला वीस वर्षे जळत ठेवले. त्या कारकुनाचे नाव लालडेंगा.

लालडेंगा यांचा जन्म १९२७ साली लुंगलेई गावाजवळील पुकपुई या खेड्यात झाला. त्या वेळी या प्रदेशाला लुशाई टेकड्या म्हणत आणि तो आसामचा एक जिल्हा होता. इंग्रजांनी हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिंकला खरा, पण त्याला उर्वरित हिंदुस्थानपासून जवळजवळ बंदच ठेवले. बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय आत जाता येत नसे. १८९४ साली आलेल्या मिशनऱ्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा काढल्या आणि दोन पिढ्यांत बहुतेक समाज ख्रिस्ती झाला आणि साक्षरताही पसरली. म्हणजे १९४७ साली स्वातंत्र्य आले तेव्हा या लोकांपैकी पुष्कळजण लिहू-वाचू शकत होते. परंतु ज्या देशाचे ते नागरिक झाले, त्या देशाशी त्यांची ओळख मात्र फारच थोडी होती. दिल्ली दूर होती आणि शिलाँगमध्ये बसलेले आसामचे सरकारही काही जवळचे नव्हते.

तरुण लालडेंगा भारतीय सैन्यात भरती झाले आणि हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोचले. सैन्यातून परतल्यावर त्यांना ऐजॉलच्या जिल्हा परिषदेच्या कचेरीत हिशेबनिसाची नोकरी मिळाली. येथपर्यंतची ही कहाणी आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यात शोभेल अशीच आहे. सैन्यातून आलेला, चार बुके शिकलेला, कचेरीत टेबलाशी बसणारा आणि म्हणूनच गावाने आपला अर्ज लिहायला ज्याच्याकडे यावे असा माणूस! असा माणूस बंड करून उठतो तेव्हा त्यामागे काही तरी मोठे कारण असले पाहिजे.

ते कारण बांबूने दिले. मिझो म्हाताऱ्यांना १९११ चा मौताम आठवत होता. त्यांनी बोटांवर वर्षे मोजली आणि संकट येणार हे ओळखले. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात मिझो जिल्हा परिषदेने रीतसर ठराव केला, दुष्काळ येत आहे असे आसाम सरकारला कळवले आणि आगाऊ तयारीसाठी १५ लाख रुपयांची मागणी केली. बांबू फुलतो म्हणून दुष्काळ येतो, ही गोष्ट सरकारला आदिवासींची भाबडी समजूत वाटली. मागणी फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी बांबू फुलला. उंदीर आले, भात गेले. डोंगरउतारावर राब जाळून, आपल्याकडील कुमरीसारखी फिरती शेती करणाऱ्या त्या लोकांजवळ दुसरे साठवण ते काय असणार? रानातली कंदमुळे खोदून माणसे जगली, आणि काही जगलीही नाहीत. सरकारी मदत आली ती उशिरा आणि अपुरी. रस्ते नव्हते, त्यामुळे आलेले धान्यही दूरच्या खेड्यांपर्यंत पोचत नव्हते.

अशा वेळी लालडेंगा पुढे आले. एका सांस्कृतिक मंडळाचे रूपांतर १९६० साली मिझो राष्ट्रीय दुष्काळ आघाडीत झाले. तरुण मुले पाठीवर तांदळाची पोती बांधून डोंगर चढत आणि आडबाजूच्या वस्त्यांपर्यंत धान्य पोचवीत. दुसऱ्याच्या अडचणीला न सांगता धावून जावे, हा मिझो समाजाचा जुना संस्कार. त्या संस्काराला लालडेंगांनी संघटनेचे रूप दिले. त्यांचे वक्तृत्व प्रभावी होते आणि हिशेब चोख होता. ज्या घरात सरकार पोचले नाही त्या घरात आघाडीचा मुलगा तांदूळ घेऊन पोचला. मग ते घर कोणाचे म्हणणे ऐकणार?

दुष्काळ सरला, पण संघटना उरली. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी तिच्या नावातील दुष्काळ हा शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष जन्माला आला. लालडेंगा त्याचे अध्यक्ष झाले. नावातला एक शब्द कमी झाला, पण अर्थ किती बदलला! आता मागणी तांदळाची नव्हती, स्वतंत्र देशाची होती. याच सुमारास, १९६० साली, आसामने असमिया ही राज्यभाषा ठरवणारा कायदा केला होता. त्यामुळे डोंगरी लोकांच्या मनातील अढी अधिकच घट्ट झाली. १९६३ च्या पोटनिवडणुकांत फ्रंटचे उमेदवार आसाम विधानसभेवर निवडूनही आले. म्हणजे मतपेटीचा मार्ग त्यांना बंद नव्हता. परंतु लालडेंगा दोन दगडांवर पाय ठेवून चालले होते. एकीकडे ३० ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना निवेदन पाठवले. दुसरीकडे पूर्व पाकिस्तानशी संधान बांधून शस्त्रे आणि लढाईचे शिक्षण मिळवण्याची व्यवस्थाही चालू होती.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री उठाव झाला. ऐजॉल, लुंगलेई, चंफाई अशा ठिकठिकाणच्या सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. ऐजॉलचा सरकारी खजिना लुटला गेला. चंफाईचे आसाम रायफल्सचे ठाणे पडले. १ मार्चला लालडेंगा आणि त्यांचे साठ सहकारी यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. काही दिवस त्या डोंगरातील बराचसा भाग बंडखोरांच्या ताब्यात होता. फक्त ऐजॉलमधील आसाम रायफल्सचे मुख्य ठाणे वेढ्यात तग धरून राहिले होते.

त्यानंतर जे घडले ते आपल्या देशाच्या इतिहासात एकदाच घडले आहे. ५ मार्च १९६६ रोजी भारतीय हवाई दलाची लढाऊ विमाने ऐजॉलवर आली. त्यांनी आधी गोळ्या झाडल्या आणि मग आग लावणारे बाँब टाकले. वेढ्यात सापडलेल्या जवानांना वाचवणे भाग होते हे खरे, आणि ते आपलेच जवान होते. पण खाली जे शहर जळत होते तेही आपलेच होते. लोक मुलेबाळे घेऊन रानात पळाले. परतले तेव्हा बाजारपेठ आणि घरे यांची राख झालेली होती. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते, आणि संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १९४२ साली सातारा जिल्ह्यात स्वतः भूमिगत राहून इंग्रज सरकारशी झुंजलेला नेता चोवीस वर्षांनी दुसऱ्या एका भूमिगत चळवळीच्या समोर, सरकारच्या बाजूला उभा होता. इतिहास माणसाला कशा जागी आणून उभा करतो, हे यावरून दिसते. मिझोराममध्ये ५ मार्चचे स्मरण आजही केले जाते.

सैन्य आले, शहरे परत घेतली गेली आणि बंडखोर जंगलात शिरले. मग त्यांना धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून १९६७ च्या जानेवारीपासून गावे एकत्र करण्याची योजना सुरू झाली. दूरदूरच्या वस्त्या उठवायच्या आणि त्यातील माणसे मोठ्या रस्त्यालगतच्या केंद्रांत आणून ठेवायची, अशी ती योजना. सुमारे पाचशे गावे उठवून शंभराच्या वर केंद्रांत कोंबली गेली. मिझो समाजाचा फार मोठा भाग असा आपल्या जागेवरून उपटला गेला. केंद्राभोवती कुंपण, येण्याजाण्यावर पहारा, खिशात ओळखपत्र, संध्याकाळनंतर संचारबंदी आणि पोटाला मोजून मिळणारा तांदूळ. सोडलेली गावे बंडखोरांच्या कामी येऊ नयेत म्हणून जाळली गेली. सरकारी कागदांत या केंद्रांना संरक्षित आणि प्रगतिशील खेडी असे नाव होते!

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेत म्हणजे नुसती जमीन नव्हे. कोणत्या बांधाला पाणी धरते, कोणत्या महिन्यात कोणते रान साफ करायचे, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या त्या जागेशी बांधलेले असते. माणूस दहा कोस दूर नेऊन ठेवला की ते ज्ञान मेले. दुष्काळात उंदरांनी एका वर्षाचे भात खाल्ले होते. या योजनेने शेतीची घडीच मोडली. आणि ज्या सरकारने भुकेच्या वेळी तांदूळ पाठवायला उशीर केला, तेच सरकार आता बंदूक घेऊन वेळेवर हजर झाले, असेच त्या लोकांना वाटले असेल तर त्यात नवल काय?

परंतु एवढे सांगून दुसरी बाजू झाकून ठेवणे हेही खरे नव्हे. बंडखोरांच्या बंदुकाही काही फक्त सैनिकांवर रोखलेल्या नव्हत्या. खबऱ्या असल्याच्या संशयावरून मिझोंनी मिझो मारले. १९७५ च्या जानेवारीत ऐजॉलमध्ये तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना त्यांच्या कचेरीतच ठार करण्यात आले. बाहेरून पोटासाठी आलेल्या लोकांना मुलूख सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. मधल्यामध्ये सामान्य खेडूत भरडला गेला. रात्री बंडखोराला भात वाढला तर सकाळी सैनिक विचारणार, आणि सैनिकाला वाट दाखवली तर रात्री बंडखोर विचारणार. इकडे आड आणि तिकडे विहीर!

आणि लालडेंगा स्वतः कोठे होते? ते पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगराळ भागातून चळवळ चालवत होते. १९७१ साली बांगलादेश जन्माला आला आणि त्यांचा आसरा तुटला. तेथून ते आराकानच्या जंगलात आणि पुढे पाकिस्तानात गेले. लोक कुंपणात आणि नेता परदेशात, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील दुखरी जागा आहे. पण याच परदेशवासात त्यांना हेही उमगले असावे, की दुसऱ्यांच्या आधाराने उभे केलेले बंड त्या दुसऱ्यांच्या सोयीनेच चालते. आधार देणाऱ्याचे राज्य बुडाले की बंडखोर रानोमाळ. १९७५ च्या सुमारास युरोपात त्यांनी भारत सरकारच्या अधिकाऱ्यांशी बोलणी सुरू केली.

बोलण्यांचा हा रस्ता सरळ नव्हता. १९७६ साली लालडेंगा दिल्लीला आले आणि १ जुलै १९७६ रोजी पहिला करार झाला. मिझोराम भारताचा अविभाज्य भाग आहे, हे त्यांनी त्यात मान्य केले. ज्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, त्यांनी दहा वर्षांनी या कागदावर सही केली! जंगलातील त्यांच्या कित्येक साथीदारांना ही शरणागती वाटली. संघटनेत फूट पडली, करार फसला आणि हिंसा पुन्हा सुरू झाली. १९७९ साली दिल्लीत लालडेंगांना अटक झाली. १९८० मध्ये पुन्हा शस्त्रसंधी झाली. १९८२ मध्ये बोलणी पुन्हा मोडली आणि त्यांना देश सोडून लंडनला जावे लागले.

या काळात खुद्द मिझोराम मात्र बदलत होता. २१ जानेवारी १९७२ रोजी तो आसामपासून वेगळा होऊन केंद्रशासित प्रदेश झाला. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर सैलो यांनी १९७४ साली मानवी हक्क समिती स्थापून सामान्य लोकांवरील अत्याचारांच्या तक्रारी गोळा केल्या आणि त्या सनदशीर मार्गाने सरकारपुढे मांडल्या. पुढे १९७८ साली ते मुख्यमंत्री झाले. चर्चच्या धर्मगुरूंनी दोन्ही बाजूंचे उंबरे झिजवले. शांतता हवी, अशी हाक आता सरकारची किंवा बंडखोरांची राहिली नव्हती. ती घराघरांतून येत होती. लालडेंगांचे चरित्र सांगताना या न गाजलेल्या माणसांना विसरून चालणार नाही.

१९८४ च्या ऑक्टोबरमध्ये लालडेंगा पुन्हा दिल्लीत आले. इंदिरा गांधींशी त्यांची भेट ठरली होती ती ३१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी सकाळी इंदिराजींची हत्या झाली. बोलणी पुन्हा एकदा बुडणार असे वाटत असतानाच राजीव गांधींनी तो धागा उचलला आणि ३० जून १९८६ रोजी मिझोराम करार झाला. करारावर एक सही लालडेंगांची, एक मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांची आणि एक केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची. राम प्रधान हे आपल्या महाराष्ट्राच्या सेवेतील अधिकारी आणि एके काळचे यशवंतरावांचे खाजगी सचिव. त्यांच्या सरकारी नोकरीचा तो शेवटचा दिवस होता.

या करारात दोघांनीही काही सोडले. लालडेंगांनी स्वतंत्र देश सोडला आणि शस्त्रे खाली ठेवली. सरकारने मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा दिला. मिझोंचा धर्म, चालीरीती, परंपरेचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा तेथील विधानसभेच्या संमतीवाचून लागू होणार नाही, अशी तरतूद घटनेत केली. तिसऱ्या एका माणसानेही मोठी गोष्ट सोडली, ती म्हणजे खुर्ची. निवडून आलेले काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला यांनी लालडेंगांसाठी पद रिकामे केले. अधिकाराच्या खुर्चीला माणसे कशी चिकटून बसतात हे आपण नेहमी पाहतो. म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम हे भारताचे तेविसावे राज्य झाले. त्याच महिन्यातील निवडणुकीत ४० पैकी २४ जागा जिंकून त्यांच्या पक्षाने लोकांचा कौलही मिळवला. पण बंड चालवणे वेगळे आणि राज्य चालवणे वेगळे. पक्षात कुरबुरी सुरू झाल्या. १९८८ साली आमदार फुटले, सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली. १९८९ च्या जानेवारीतील निवडणुकीत काँग्रेसने बहुमत मिळवले आणि लालथनहवला पुन्हा मुख्यमंत्री झाले.

माझ्या मते लालडेंगांच्या जीवनाची खरी कसोटी हीच होती, आणि ती १९६६ च्या फेब्रुवारीपेक्षाही अवघड होती. ज्या माणसाच्या एका हाकेसरशी तरुण रानात गेले होते, तो माणूस साध्या मतमोजणीत हरला. शस्त्रे खाली ठेवून तीन वर्षेही झाली नव्हती. रानाची वाट कोणी विसरले नव्हते. तरीही त्या वाटेने तो पक्ष गेला नाही. पराभूत पक्षाने जे करायचे तेच त्याने केले, म्हणजे विरोधी बाकांवर बसला आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहिली. करारावरील सहीने शस्त्रे थांबली असतील, पण शांतता पक्की झाली ती या पराभवाने.

त्यानंतर लालडेंगा फार दिवस जगले नाहीत. ७ जुलै १९९० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा देह ऐजॉलला आणून सरकारी इतमामाने, शहराच्या मध्यभागी, ट्रेझरी चौकात दफन करण्यात आला. १९६६ च्या त्या रात्री बंडखोरांनी सरकारी खजिना लुटला होता ते हेच शहर! आज ३० जून हा दिवस मिझोराममध्ये शांततेचा दिवस म्हणून पाळला जातो.

लालडेंगा थोर देशभक्त होते की देशद्रोही, असा प्रश्न कोणी विचारील. मला वाटते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला पुरेसा पडत नाही. त्यांनी उपाशी माणसांना तांदूळ दिला, त्याच माणसांना वीस वर्षांच्या वणव्यात ढकलले आणि शेवटी त्यांना घेऊन घरीही परतले. यांतील एकच गोष्ट उचलून माणूस मोजता येणार नाही. ज्यांची गावे जळाली त्यांनी त्यांना क्षमा केली की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्या गावांचाच आहे, दूर बसून लिहिणाऱ्याचा नाही.

परंतु एक गोष्ट आपल्यासाठी उरते. मौताम पुन्हा आला, २००७ च्या सुमारास. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते लालडेंगांचे जुने सचिव झोरामथांगा. या वेळी म्हाताऱ्यांच्या गणिताला कोणी भाबडी समजूत म्हटले नाही. बांबू फुलण्याच्या आधीच योजना आखल्या गेल्या, आणि उंदीर मारून शेपटी आणून देणाऱ्याला सरकार पैसे देऊ लागले. पिके तरीही बुडाली, लोकांचे हालही झाले. पण या वेळी कोणी रानात गेले नाही. २००८ च्या निवडणुकीत लोकांनी झोरामथांगांचे सरकार बदलले, एवढेच.

१९५८ सालचा तो १५ लाखांचा ठराव आणि त्यानंतरची ती वीस वर्षे यांचा हिशेब मांडून पाहावा. डोंगरातला माणूस अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या बोलण्यात पुस्तकी शहाणपण नसते, पण चार पिढ्यांचा अनुभव असतो. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिकून अशाच एखाद्या टेबलापलीकडच्या खुर्चीत बसणार आहोत. मोजून पाहिले तर पुढचा मौताम २०५५ च्या आसपास यायचा आहे. तेव्हा आपण म्हातारे झालेले असू आणि खुर्चीत आपल्यानंतरचे कोणी असेल. त्याला ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून ती येथे लिहिली.